हरलेला पुढे कुठे जातो?

'बोर्ग व्हर्सेस मॅकेन्रो' हा २०१७ सालचा चित्रपट परवा पुन्हा पाहिला. बाहेर रत्नागिरीचा पाऊस नेहमीसारखा कोसळत होता, दोनदा दिवे गेले, तरी नेटाने शेवटपर्यंत पाहिला. शेवट काय होणार हे आधीच माहीत होतं म्हणा. ५ जुलै १९८०, विम्बल्डनची फायनल. एकीकडे सलग चार वेळा जिंकलेला चोवीस वर्षांचा स्वीडिश ब्यॉन बोर्ग, दुसरीकडे अंपायरशी हुज्जत घालणारा एकवीस वर्षांचा अमेरिकन जॉन मॅकेन्रो. चौथ्या सेटचा टायब्रेकर १८-१६ असा मॅकेन्रोने जिंकला, आणि तरीही पाचवा सेट ८-६ घेऊन बोर्गच विजेता ठरला.

चित्रपटाची गंमत अशी की 'बर्फ' आणि 'आग' अशी जी जोडी तेव्हा वर्तमानपत्रांनी रंगवली, ती तो मोडून टाकतो. लहानपणीचा बोर्ग मॅकेन्रोइतकाच तापट दाखवलाय. प्रशिक्षक लेनार्ट बर्गेलिनच्या हाताखाली तो राग गिळायला शिकतो, बस्स. आणि तो छोटा बोर्ग पडद्यावर साकारलाय खुद्द बोर्गच्या मुलाने, लिओने.

पण मंडळी, चित्रपट १९८०ला थांबतो. खरी चुटपुट लावणारी गोष्ट त्यानंतरची आहे. १९८१ साली विम्बल्डनच्या फायनलला बोर्ग मॅकेन्रोकडून हरला. त्याच वर्षी अमेरिकन ओपनच्या फायनललाही हरला आणि बक्षीस समारंभाला न थांबता निघून गेला. १९८३च्या जानेवारीत त्याने निवृत्ती जाहीर केली, तेव्हा तो सव्वीस वर्षांचा होता. दोघांच्या आपसातल्या सामन्यांचा हिशेब सात-सात असा बरोबरीत राहिला, तो राहिलाच.

हे पाहताना मला सारखी आठवण येत होती ती आपल्याकडच्या एका फायनलची. तिच्यावर कुणी चित्रपट काढलेला माझ्या तरी पाहण्यात नाही.

साल १९५१-५२. राष्ट्रीय ज्युनिअर टेनिस स्पर्धेची अंतिम लढत. एका बाजूला सांगलीत जन्मलेला नंदू नाटेकर, दुसऱ्या बाजूला रामनाथन कृष्णन. नाटेकरांचा जन्म मे १९३३चा, कृष्णन यांचा एप्रिल १९३७चा. म्हणजे समोरचा मुलगा जवळजवळ चार वर्षांनी लहान. त्या वयात चार वर्षं म्हणजे केवढं अंतर! एकाला मिसरूड फुटलेलं, दुसरा अजून पोर. आणि जिंकला तो पोरगा.

त्याला टेनिस शिकवलं होतं त्याच्या वडिलांनी, टी. के. रामनाथन यांनी. ते स्वतः नागपूरचे जुने खेळाडू. म्हणजे त्या अंतिम सामन्याचा एक धागा सांगलीचा आणि दुसरा नागपूरचा म्हणायला हरकत नाही. कृष्णन पुढे कुठे पोचले ते जगाला माहीत आहे. १९५४ साली ज्युनिअर विम्बल्डन, १९६० आणि १९६१ साली विम्बल्डनची उपांत्य फेरी. त्या दोन्ही वर्षी ज्यांच्याकडून ते हरले, ते नील फ्रेझर आणि रॉड लेव्हर पुढे त्या-त्या वर्षीचे विजेते ठरले. १९६६ साली भारत डेव्हिस कपच्या शेवटच्या फेरीपर्यंत गेला, त्यातही कृष्णन होतेच.

आणि नाटेकर? नाटेकरांनी टेनिस सोडलं. बॅडमिंटन धरलं.

आता इथे थोडं घरचं सांगतो. आमच्या नात्यातला एक मुलगा गेल्या वर्षी एकाच प्रतिस्पर्ध्याकडून तिसऱ्यांदा हरला आणि म्हणाला, मला हा खेळ नको. घरात एकच गहजब! मामा म्हणाले, पळपुटेपणा आहे. आजी म्हणाली, इतकी वर्षं घातली ती फुकट? काकांनी फोनवरून चिकाटीचे धडे दिले. (काका, हे वाचत असाल तर रागावू नका.) मी गप्प होतो. कारण सोडणं आणि पळणं यात फरक असतो असं मला वाटत होतं, पण तो नेमका कसा सांगावा हे सुचत नव्हतं. नाटेकरांची गोष्ट तेव्हा डोक्यात असती तर तीच सांगितली असती.

कारण नाटेकरांनी कोर्ट बदललं, खेळणं सोडलं नाही. तेव्हाच्या टेनिसची लाकडी रॅकेट जड, मनगट घट्ट धरून मारायची. बॅडमिंटनची हलकी, तिथे सगळा खेळ मनगटाच्या एका झटक्यात. नाटेकरांची ओळख पुढे झाली ती नेमकी या मनगटाच्या कलाकुसरीमुळे. हा खेळ तसा आपल्याच मातीतला. एकोणिसाव्या शतकात पुण्यातल्या लष्करी छावणीत इंग्रज अधिकारी तो खेळत, आणि 'पूना' हे त्याचं एक जुनं नावही होतं. वाऱ्याने फूल भरकटतं म्हणून खेळ छपराखाली गेला. आमच्याकडे जून ते सप्टेंबर मैदानाचा चिखल होतो तेव्हा या छपराचं मोल कळतं!

नाटेकर काही वर्षांतच भारताकडून खेळू लागले. १९५४ साली ऑल इंग्लंडमध्ये शेवटच्या आठात पोचले. १९५६ साली मलायात क्वालालंपूरला सेलांगोर आंतरराष्ट्रीय स्पर्धा जिंकली. परदेशात बॅडमिंटनचं आंतरराष्ट्रीय विजेतेपद मिळवणारे ते पहिले भारतीय. राष्ट्रीय एकेरी सहा वेळा. आणि १९६१ साली अर्जुन पुरस्कार सुरू झाला, तेव्हा पहिल्याच यादीत टेनिससाठी नाव होतं रामनाथन कृष्णन यांचं आणि बॅडमिंटनसाठी नंदू नाटेकर यांचं!

दहा वर्षांपूर्वी जाळीच्या दोन बाजूंना उभी असलेली दोन मुलं एकाच यादीत. त्या दिवशी कोण हरलं होतं, हे आता कुणी विचारणार आहे का?

म्हणून मला वाटतं, बोर्ग आणि नाटेकर दोघांनीही टेनिस सोडलं, पण सोडण्याची जात वेगळी. बोर्गने सोडलं तेव्हा त्याच्याकडे शिखर गाठून झालं होतं आणि पुढे जायला दुसरी वाट दिसत नव्हती. नाटेकरांपुढे अजून सगळा रस्ता पडला होता. हरल्यावर सोडावं की राहावं, याला ठराविक उत्तर नाही. विचारायचा प्रश्न एकच, की सोडून तू कुठे निघालास? त्याचं उत्तर असेल, तर घरच्यांनी आडवं पडू नये.

टेनिसने मात्र नाटेकरांचं घर सोडलं नाही. त्यांचे चिरंजीव गौरव टेनिसपटूच झाले, आणि १९९४च्या हिरोशिमा एशियाडमध्ये लिअँडर पेसबरोबर दुहेरीचं सुवर्णपदक घेऊन आले. तिकडे कृष्णन यांचे चिरंजीव रमेश यांनी वडिलांनंतर पंचवीस वर्षांनी, १९७९ साली, तेच ज्युनिअर विम्बल्डन जिंकलं होतं.

नंदू नाटेकर २८ जुलै २०२१ रोजी पुण्यात गेले, वयाच्या अठ्ठ्याऐंशीव्या वर्षी. बातम्यांमध्ये सेलांगोर होतं, अर्जुन पुरस्कार होता. ती हरलेली टेनिसची फायनल असलीच तर एखाद्या ओळीपुरती. मला विचाराल तर, चित्रपट काढायचा झाल्यास तो त्या ओळीपासून सुरू करावा.