आतली खोली कोणी लिहायची?

भिवंडीविषयी जे लिहिले जाते ते बहुधा बाहेरून लिहिले जाते. यंत्रमागांचा खडखडाट, महामार्गालगतची गोदामे, १९७० आणि १९८४ च्या दंगली यांतून शहराचे दर्शन घडते खरे, पण ते दारापाशी थांबते. दाराआड काय आहे, हा प्रश्न आम्हांला अलीकडे एका अनपेक्षित ठिकाणी भेटला: अनेकांनी मिळून खेळायच्या संगणकीय खेळांत. तिथल्या घरांना आतली बाजू कशी मिळाली, याचा इतिहास साहित्याच्या अभ्यासकांनी पाहावा असा आहे. कारण त्याची सुरुवात चित्राने नव्हे, गद्याने झाली.

१९७८ साली इंग्लंडमधील एसेक्स विद्यापीठात रॉय ट्रबशॉ आणि पुढे रिचर्ड बार्टल यांनी 'मड' हा खेळ रचला. त्यात चित्र नव्हतेच. खोली म्हणजे पडद्यावर उमटणारा एक परिच्छेद. नाटकाच्या छापील प्रतीतील रंगसूचनेचाच तो भाऊबंद. मात्र तो लिहिण्याचा अधिकार कर्त्यांपाशी होता. १९८९ साली जिम अ‍ॅस्पनेस यांच्या 'टायनीमड'ने तो खेळाडूंना दिला. पुढच्याच वर्षी झेरॉक्सच्या संशोधन केंद्रात पावेल कर्टिस यांनी 'लॅम्डामू' उभारले. त्यात प्रवेश होई तो कोट टांगायच्या कपाटातून, आणि घराचा आराखडा कर्टिस यांच्या स्वतःच्या घरावरून घेतलेला होता. त्या घराला लोकांनी इतक्या खोल्या लिहून जोडल्या की बांधकामावर मर्यादा घालावी लागली आणि वाढीव जागेचे अर्ज तपासायला एक समितीही नेमावी लागली. शब्दांच्या घरालाही नगरपालिका लागते, हे त्यातून कळले.

चित्रे आली तेव्हा हा अधिकार आक्रसला. परिच्छेद कोणालाही लिहिता येतो, चित्रित खोली सर्वांना घडवता येत नाही. १९९७ च्या 'अल्टिमा ऑनलाइन'मध्ये खेळाडूंना घरे मिळाली; पण भिंती आपल्या मनाप्रमाणे रचण्याची मुभा यायला २००३ साल उजाडले.

'ग्रँड थेफ्ट ऑटो: सॅन अँड्रियास' हा २००४ चा खेळ मुळात एकट्याने खेळायचा. २००६ साली 'सॅम्प' या नावाने हौशी मंडळींनी तो अनेकांसाठी खुला केला. या खेळातील बहुतेक इमारती आतून पोकळ आहेत. दार उघडले की खेळाडूला उचलून नकाशाच्या वर, आकाशात दडवलेल्या एका तयार खोलीत ठेवले जाते. अशा खोल्या मोजक्याच. सर्व्हर चालवणाऱ्याला शेकडो घरे वाटायची असतात; म्हणून तो एकच खोली अनेक घरांना देतो आणि प्रत्येक घराला वेगळ्या आभासी जगाचा क्रमांक लावतो. दोन कुटुंबे त्याच पलंगाशेजारी उभी असतात, पण एकमेकांना दिसत नाहीत. या एकसारखेपणाला कंटाळलेले लोक मग रिकाम्या आकाशात स्वतःची खोली रचू लागले. खेळाच्या भांडारातील भिंत, फरशी, खुर्ची, दिवा अशी एकेक वस्तू घ्यायची आणि तिचे स्थान व कोन आकड्यांत लिहायचे. वस्तूंच्या संख्येला मर्यादा असल्याने, खेळाडूच्या जवळपासच्या तेवढ्याच वस्तू दाखवणारी जोडप्रणालीही पुढे वापरात आली.

एका खोलीत दोन घरे, ही गोष्ट भिवंडीला नवी नाही. इथे यंत्रमाग बारा-बारा तासांच्या पाळ्यांत चालत आले आहेत. दिवसपाळीचा कामगार निघाला की रात्रपाळीचा येऊन त्याच जागेवर पाठ टेकतो. खेळात क्रमांक बदलला की दुसऱ्याचे अस्तित्व पुसले जाते. इथे मात्र दुसऱ्याची ट्रंक, त्याचे कॅलेंडर, दोरीवरचा ओला टॉवेल तसाच राहतो. हे आतले जग बाहेरच्यांना दिसते ते भिंत पडल्यावर. २१ सप्टेंबर २०२० च्या पहाटे पटेल कंपाउंडमधील तीन मजली इमारत कोसळून तीसहून अधिक माणसे दगावली, तेव्हा ढिगाऱ्यातली भांडी आणि अंथरुणे वर्तमानपत्रांच्या छायाचित्रांत आली.

या दोहोंतून आम्ही एक धडा घेतो. शाळेत 'माझे घर' हा निबंध लिहायला सांगितला की एका खोलीत सहा जणांसह राहणारी मुलेही अंगण, तुळशीवृंदावन आणि अभ्यासाचे टेबल लिहून मोकळी होतात. निबंधमालेतले ते घर म्हणजे आकाशात दडवलेली तयार खोलीच. प्रत्येक वहीला वेगळा क्रमांक, आतले सामान तेच. मुले खोटे लिहितात असे नव्हे. गुण तयार खोलीलाच मिळतात, हे त्यांना ठाऊक असते.

सर्व्हरवर स्वतःची खोली रचणाऱ्याने तयार खोली नाकारली आणि आपला दिवा कुठे आहे ते आकड्यांत लिहिले. आमच्या मते ते वर्णनच होते. तीच मुभा निबंधाच्या वहीत द्यायला ना यंत्र लागते, ना भांडार. ट्रंक कोणाची, उशी कोणाची, दिवा किती वाजता विझतो, एवढे विचारले तरी पुरे. मात्र उत्तर आले की त्याला गुण द्यायची तयारी आपण शिक्षकांनी ठेवली पाहिजे.