देवगिरीचा गायनवृंद

इटालियन रचनाकार स्त्रिज्जो याचें सोळाव्या शतकांतील ४० आवाजांचें उपासनागीत पॅरिसच्या राष्ट्रीय ग्रंथालयांत दडून राहिलें होतें. सूचींत कर्त्याचें नांव चुकलें आणि ४० चे ४ आवाज झाले! २००५ सालीं तें ओळखलें गेलें. २००७ सालीं लंडनला पुन्हां गाइलें गेलें.

महाराष्ट्राचा वृंद त्याहून तीन शतकें जुना. देवगिरीच्या सिंघण यादवाच्या पदरीं असलेल्या शार्ङ्गदेवानें 'संगीतरत्नाकरां'त उत्तम वृंदाची मोजदादच दिली आहे: मुख्य गायक ४, साथीचे गायक ८, गायिका १२, बांसरीवाले ४, मृदंगवाले ४. दरबारचा हिशेबनीसच तो. आंकडा कसा चुकेल? वृंदाचे गुणही तो सांगतो. मुख्याच्या मागें जावें, आवाजांत आवाज मिसळावा, एकाची चूक दुसऱ्यानें सांवरून घ्यावी. हा शेवटचा गुण गाणाऱ्यांत बसलेल्यालाच सुचावा.

१८९६-९७ सालीं पुण्याच्या आनंदाश्रमानें मंगेश रामकृष्ण तेलंग यांच्याकडून संपादून तो ग्रंथ छापला. त्यांत पदें स्वराक्षरांसह आहेत. परंतु त्या स्वरांमधील श्रुतींचीं अंतरें नक्की किती, यावर विद्वानांचें एकमत नाहीं. पॅरिसची वही सांपडतांच गायकांना सूर लावतां आला. येथें पोथी उघडी आहे, ३२ जणांच्या जागा ठरलेल्या आहेत, आणि गांधार कोठें लावावा येथेंच गाडें अडलें आहे.