वल्हांडण, बेने इस्रायल समाजातील
मिसरमधील गुलामगिरीतून झालेल्या सुटकेचा यहुदी सण. बेने इस्रायल हा कोकणातील यहुदी समाज. हे लोक तेलघाण्याचा धंदा करीत व शब्बाथ, म्हणजे साप्ताहिक विश्रांतीचा दिवस, पाळून शनिवारी घाणा बंद ठेवीत. म्हणून त्यांना ‘शनिवार तेली’ म्हणत. राबणाऱ्यालाही विश्रांतीचा हक्क आहे, हा विचार या प्रथेत आहे.

वल्हांडणाच्या रात्री हग्गादा, म्हणजे सुटकेच्या कथेची पोथी, वाचतात. घरातील धाकट्याने प्रश्न विचारायचे, थोरांनी सुटकेची कथा सांगायची आणि प्रत्येकाने आपण स्वतःच मुक्त झालो असे मानायचे. 1874 साली पुण्यात छापलेल्या हग्गादात हिब्रूसोबत मराठी भाषांतर आहे. बेखमीर भाकरी करणाऱ्या साडी नेसलेल्या बायकांचे चित्रही आहे. मुक्तीची कथा मायबोलीतून घरोघरी नेणारे हे पुस्तक मराठी ग्रंथव्यवहाराचा मोलाचा ठेवा होय.

इस्रायलमध्ये जाऊन स्थायिक झालेल्या बेने इस्रायलांना हक्कांसाठी झगडावेही लागले. विवाहापूर्वी त्यांच्या पूर्वजांची चौकशी करण्याचा आदेश इस्रायलच्या धर्मपीठाने 1962 मध्ये काढला. तो उघड अन्याय होता. त्याविरुद्ध बेने इस्रायलांनी जेरुसलेममध्ये आंदोलन केले. ऑगस्ट 1964 मध्ये इस्रायलच्या संसदेने बेने इस्रायल सर्वार्थाने यहुदी असून समान हक्कांचे धनी आहेत, असे जाहीर केले.