पणजोबांच्या शेताचा शोध

शाळेच्या आठवणी बाकीचे लिहितीलच, म्हणून मी दुसरा विषय घेतो. निवृत्त झाल्यापासून मी आमच्या पणजोबांचा माग काढतो आहे. ते बोरिवलीचे शेतकरी. एक्सरच्या बाजूला त्यांची भाताची खाचरे होती. आज तिथे इमारती आहेत आणि आपल्या वर्गातले दोघे तिथेच राहतात!

बोरिवली तेव्हा मुंबईत नव्हतीच. साष्टी बेटावरचे हे गाव ठाणे जिल्ह्यातले. बृहन्मुंबईची हद्द १९५० मध्ये अंधेरी-घाटकोपर घेऊन पुढे सरकली आणि बोरिवली-मुलुंड १९५७ मध्ये आत आले. त्यामुळे जुन्या कागदांसाठी ठाण्याच्या खेपा घालाव्या लागल्या. त्यातले काही मोडीत, म्हणजे वाचणारा शोधणे आलेच. एक्सरला जुने वीरगळ आहेत, लढणाऱ्यांचे. राब भाजणाऱ्याचा, चिखलात आवण लावणाऱ्याचा दगड कोणी कोरत नाही. त्याला तलाठ्याच्या दप्तरातच शोधावे लागते.

सातबारा सगळ्यांना ठाऊक असतो, पण खरी गोष्ट फेरफारात असते. पणजोबा वारल्यावर वारस म्हणून एकच नाव चढले, माझ्या आजोबांचे. कसणाराही तेच, 'खुद्द'. आता आजोबा होते गिरणीत, राहायला परळच्या खोलीवर. महिन्यातून एखाद्या रविवारी घरी येत. मग शेत कसत कोण होते?

बाबांची आत्या. लग्नानंतर थोड्याच वर्षांत विधवा होऊन ती माहेरी परतली होती. माझी आजी लवकर गेली, तेव्हा बाबांना तिनेच वाढवले. नांगरटीला गडी असे. राब, लावणी, कापणी, भातामागून वाल, सारे तिचे. हे बाबा सांगत, पण कागदावर तिचा पत्ताच नव्हता. यात तलाठ्याचा दोष नाही. मुलगा असताना मुलीला वारसा मिळत नसे. हिंदू उत्तराधिकार कायदा १७ जून १९५६ ला आला आणि पणजोबा त्याआधीच गेले होते. पुढे शेत विकले, तेव्हा तिच्या सहीची गरजच पडली नाही.

माझी भाची कॅनडात, क्वेबेक प्रांतात असते. सतराव्या शतकात फ्रान्सहून तिथे आलेल्या शेतकऱ्यांचे वंशज चर्चच्या वह्यांमधून दहा-दहा पिढ्या मागे जातात. बाप्तिस्मा, लग्न, दफन, सगळे लिहिलेले. आणि त्या वह्यांत बाईची नोंद लग्नानंतरही माहेरच्या आडनावाने! आपल्याकडे लग्नात आडनावच काय, नावसुद्धा बदलत. आत्याचीही दोन नावे होती. कोणते शोधायचे?

ते सापडले शाळेत. आपल्या नव्हे, बाबांच्या प्राथमिक शाळेत. जन्मतारखेसाठी जनरल रजिस्टर पाहायला गेलो होतो. तिथल्या मुख्याध्यापिकाबाईंनी कपाटावरून जुन्या दाखल अर्जांचा गठ्ठाही काढून दिला. बाबांच्या अर्जावर पालकाच्या रकान्यात आत्याचे माहेरचे नाव, पुढे पणजोबांचे. नाते : आत्या. धंदा : शेती. खाली निशाणी डाव्या हाताचा अंगठा. एवढ्या शोधात तिला शेतकरी म्हणणारा हा एकच कागद मला मिळाला. बाई, सर, आपल्या शाळेतही असे गठ्ठे असतील तर कृपा करून रद्दीत देऊ नका.

वंशावळ आता छापायला तयार आहे. पणजोबांच्या खाली मी दोन फांद्या काढल्या आहेत, आजोबांची आणि आत्याची. चुलतभाऊ म्हणतो, वंशावळीत लेकी घालत नाहीत, आणि जमिनीचा विषय पुन्हा कशाला उकरायचा? त्याला मी अर्जाची झेरॉक्स पाठवली आहे. उत्तर अजून आलेले नाही.