माझा मिक्सर काय पाहुणा हाय का? घरातल्या प्लगचा छोटासा इतिहास

नेहमीप्रमाणे हा आपल्या भागाचा लिखित मजकूर. एसटीत बसल्यावर लक्षात आलं की हेडफोन घरीच राहिले, तर तुमच्यासाठीच आहे.

आधी एक खुलासा. मी वाशीचा म्हटलं की पुण्यातले ऑफिसवाले लगेच विचारतात, "हार्बर लाईन ना?" नाही हो. आमची वाशी धाराशिव जिल्ह्यातली. एका अंगाला भूम, दुसऱ्या अंगाला कळंब. लोकल नाही, एसटी आहे.

तर झालं असं. २०२० च्या लॉकडाऊनमध्ये मी लॅपटॉप घेऊन घरी आलो. पहिलीच नोकरी, नवा नवा जोश. घरात नेटवर्क फक्त मधल्या खोलीच्या खिडकीपाशी यायचं आणि तिथं प्लग नव्हता. वडिलांनी गल्लीतल्याच वायरमन काकांना हाक मारली. संध्याकाळपर्यंत खिडकीखाली नवा बोर्ड लागला, चार्जर लावला, मीटिंग सुरू.

दोन दिवसांनी आई शेंगदाण्याची चटणी करत होती. म्हणजे कशी? भाजलेले दाणे, लसूण, तिखट, मीठ असं सगळं ताटात घेऊन ती स्वयंपाकघरातून बैठकीत आली. टीव्हीच्या टेबलाखालून मिक्सर काढला, फरशीवर बसली, चटणी वाटली, मिक्सर पुसून परत टेबलाखाली ठेवला. जाता जाता मला म्हणाली, "तुझ्या लॅपटॉपला एका दिसात जागा झाली बघ. माझा मिक्सर काय पाहुणा हाय का, बैठकीत बसायला?"

मी हसलो. ते वाक्य मी ऑफिसच्या ग्रुपवर विनोद म्हणून टाकलंसुद्धा. आणि पुढची चार वर्षं काहीच केलं नाही.

आज त्या चार वर्षांबद्दल बोलायचंय. पण त्याआधी एक प्रश्न: स्वयंपाकघरात प्लग का नव्हता? विसरला म्हणून? मला वाटलं तसंच असेल. शोधायला लागलो, तर या विसरण्याला मोठा इतिहास निघाला.

वीज म्हणजे लाईट

आपण काय म्हणतो? "लाईट गेली." पंखा बंद पडला तरी लाईट गेली, मोटर बंद पडली तरी लाईट गेली. बिल आलं तर लाईट बिल. हा शब्द उगाच नाही पडलेला. घरात वीज आली तीच दिव्यासाठी. एडिसननं १८८२ मध्ये न्यूयॉर्कच्या पर्ल स्ट्रीटवरून वीज विकायला सुरुवात केली, ती दिवे लावायला. भिंतीत प्लग ही कल्पनाच नव्हती. इस्त्री किंवा पंखा लावायचा तर बल्ब काढायचा आणि त्या होल्डरला वायर जोडायची. अमेरिकेत हार्वी हबेल नावाच्या माणसानं १९०४ मध्ये होल्डरला लागणाऱ्या, ओढला की निघणाऱ्या प्लगचं पेटंट घेतलं. आपल्याकडच्या जुन्या लोकांना बल्बच्या होल्डरला लावायची ती पिन आठवत असेल. तिचं मूळ याच काळातलं.

मुंबईत वीज आणि ट्राम चालवणारी कंपनी १९०५ मध्ये आली. खोपोलीचं टाटांचं जलविद्युत केंद्र १९१५ मध्ये सुरू झालं आणि मुंबईच्या गिरण्यांना वीज मिळाली. आमचा जिल्हा तेव्हा निजामाच्या राज्यात. हैदराबाद शहरात हुसेनसागरच्या काठावर १९२० मध्ये वीजकेंद्र उभं राहिलं. मराठवाड्याच्या खेड्यांत मात्र पुढं कितीतरी वर्षं कंदील आणि चिमण्याच होत्या.

गावात वीज आली, पण कुणाकडं?

महाराष्ट्र राज्य झालं १ मे १९६० ला आणि त्याच वर्षी २० जूनला महाराष्ट्र राज्य विद्युत मंडळ. २००५ मध्ये मंडळाच्या वेगवेगळ्या कंपन्या झाल्या, त्यातली महावितरण आपल्या घरी येते. पण आमच्याकडं वायरमन आजही "एमएसईबीचा"च असतो.

आता गंमत बघा. सरकारी कागदावर गाव "विद्युतीकृत" कधी म्हणायचं? १९९७ पर्यंत देशभर व्याख्या अशी होती: गावाच्या महसुली हद्दीत कुठल्याही कामासाठी वीज वापरली जात असेल तर गाव विद्युतीकृत. कुठल्याही कामासाठी! म्हणजे शिवारात एका विहिरीवर मोटर चालली आणि गावठाणात एकाही घरात बल्ब नसला, तरी कागदावर गावात वीज आली. १९९७ मध्ये सुधारणा झाली की वापर वस्तीत असला पाहिजे. २००४ मध्ये आणखी अटी आल्या: दलित वस्तीपर्यंत लाईन, शाळा-पंचायतीसारख्या ठिकाणी वीज, आणि किमान १० टक्के घरांत कनेक्शन. शंभरातली दहा घरं! नव्वद घरं अंधारात असली तरी गाव पास.

घरांचंही तसंच. १९८८-८९ मध्ये केंद्राची कुटीर ज्योती योजना आली. गरीब कुटुंबाला एका दिव्याचं कनेक्शन. एक घर, एक बल्ब. २०१७ च्या सौभाग्य योजनेत कनेक्शनसोबत काय मिळणार होतं? एलईडी बल्बसाठी एक पॉइंट आणि मोबाईल चार्जिंगसाठी एक पॉइंट. एका बल्बपासून एका प्लगपर्यंत यायला जवळजवळ तीस वर्षं लागली, आणि तो प्लग मोबाईलच्या नावानं आला.

मी इंजिनिअर आहे, त्यामुळं मला हे क्रमानं लावल्याशिवाय चैन पडेना. आधी शेतातली मोटर. मग ओसरीतला बल्ब. मग बैठकीतला टीव्ही. मग मोबाईल. या यादीत चूल कुठंच येत नाही. दिवसातले सगळ्यात जास्त तास जिथं काम चालतं, ती खोली रांगेत शेवटी.

तीन गोल भोकं

आपल्या भिंतीवरचा तीन गोल भोकांचा प्लग मूळचा इंग्रजांचा. १९३४ च्या ब्रिटिश मानकातला, बीएस ५४६. छोटा ५ अँपिअरचा आणि मोठा १५ अँपिअरचा. आज आपल्या आयएस १२९३ मानकात ते ६ आणि १६ झालेत. म्हणून तर आपण अजून मोठ्याला "पॉवर प्लग" म्हणतो. छोटा दिव्याच्या घरचा, मोठा कामाच्या घरचा.

खुद्द इंग्लंडनं मात्र हा प्लग घरांतून हळूहळू काढून टाकला. दुसऱ्या महायुद्धात तिथं एक समिती बसली: युद्धानंतर नवी घरं बांधायची, तर त्यात वीज कशी असावी? त्या समितीत एकच बाई होती, कॅरोलिन हॅस्लेट. त्या १९२४ मध्ये स्थापन झालेल्या, बायकांना विजेची माहिती देणाऱ्या संघटनेच्या प्रमुख होत्या. घरातलं कष्टाचं काम विजेनं हलकं व्हावं, हा त्यांचा आयुष्यभराचा ध्यास. समितीचा अहवाल १९४४ मध्ये आला आणि १९४७ मध्ये नवं मानक: सगळ्या घरभर एकाच मापाचा प्लग, प्लगमध्येच फ्यूज, आणि लेकरांनी खिळा घालू नये म्हणून भोकांवर झडप.

१९४७! तेच साल. इंग्रज इथून गेले, तिकडं नवा प्लग घेतला आणि जुना आपल्याकडं राहिला. यात वाईट काही नाही, तीन पिनांचा प्लग चांगलाच आहे. वरची जाड पिन बघा, ती बाकी दोघींपेक्षा लांब असते. कारण आत जाताना आधी अर्थिंग जुळावं, मग करंट. सुरक्षेची किती साधी आणि हुशार युक्ती! फक्त एक अट: त्या भोकामागं खरंच अर्थिंगची वायर पाहिजे. ही अट लक्षात ठेवा, पुढं लागणार आहे.

पाट्यावरून मिक्सर

आता मिक्सरकडं येऊ. सत्यप्रकाश माथूर हे सीमेन्समधले इंजिनिअर. त्यांच्या घरच्या परदेशी मिक्सरची मोटर आपल्याकडच्या वाटणानं जळाली. ओलं खोबरं, भिजलेली डाळ, सुकी हळद यांच्यासाठी ते यंत्र बनलंच नव्हतं. मग त्यांनी १९६३ मध्ये आपल्या स्वयंपाकाला झेपेल असा मिक्सर बनवला, तो "सुमीत". पुढं कितीतरी मराठी घरांत मिक्सरला सुमीतच म्हणायचे.

यंत्र आलं, पण लावायचं कुठं? घरं बांधली गेली होती ती एक बल्ब डोक्यात ठेवून. म्हणून मिक्सर प्लगकडं गेला, प्लग मिक्सरकडं आला नाही. आईचं ताट घेऊन बैठकीत येणं हे असं सुरू झालं. पाहुणे बसलेले असले की चटणी थांबायची. आजोबा दुपारी आडवे झाले की चटणी थांबायची. मॅच चालू असली तरी थांबायची, आणि मॅच बहुतेक मीच बघत असायचो.

आमची भिंत

आमचं स्वयंपाकघर घराच्या जुन्या भागात. दगड-मातीची जाड भिंत, वर आधी माळवद होतं. ३० सप्टेंबर १९९३ ला पहाटे किल्लारीचा भूकंप झाला, त्यात लातूर-उस्मानाबादमध्ये अशीच जड छतं आणि दगडी भिंती लोकांच्या अंगावर पडल्या. आमचं घर वाचलं, पण त्यानंतर माळवद उतरवून पत्रे टाकले. पुढं समोरच्या बाजूला स्लॅबची बैठक झाली, तिथं वायरिंग भिंतीच्या आत गेलं. जुन्या भागात मात्र एक बल्ब आणि त्याचा खटका, एवढंच. दगड-मातीच्या भिंतीत खाच पाडली की माती ढासळते, म्हणून "नंतर बघू" झालं. ते नंतर पंचवीस वर्षं चाललं.

माझ्या विनोदानंतर आईनं आपल्यापुरता मार्ग काढला होता. बाजारातून एक्स्टेंशन आणलं आणि बैठकीतून, उंबऱ्यावरून, स्वयंपाकघरात ओढलं. मिक्सर आत गेला. मग त्यावरच इंडक्शन शेगडीही आली. मला फोनवर सांगितलं, मी म्हटलं, "बरं झालं." मागच्या दिवाळीत उंबरा ओलांडताना वायर पायाला लागली. चटका नाही, पण गरम. हातात घेतली तर मऊ, चिकट झालेली. आई म्हणाली, "कधी कधी वास येतोय जरा."

हिशोब शाळकरी पोराला जमेल असा आहे. ७५० वॅटचा मिक्सर २३० व्होल्टवर सव्वातीन अँपिअर घेतो. २००० वॅटची शेगडी जवळजवळ पावणेनऊ. ६ अँपिअरच्या प्लगवर आणि बारीक वायरवर! बीटेक झालेल्या पोराच्या घरात हे चाललं होतं, आणि आई रोज त्या वायरीवरून भरलेला हंडा घेऊन जात होती.

दुसऱ्याच दिवशी त्याच वायरमन काकांना बोलावलं. त्यांनी बैठकीतला बोर्ड उघडला आणि मला दाखवलं: वरच्या जाड पिनेच्या भोकामागं काहीच नव्हतं. वायरच नाही. "दादा, हे भोक नुसतं दाखवायला हाय," काका म्हणाले. खिडकीखालचा माझा बोर्डही तसाच. १९३४ पासूनची ती हुशार युक्ती आमच्या घरी पोचलीच नव्हती.

मग काम नीट केलं. अंगणात खड्डा घेतला, प्लेट पुरली, कोळसा-मीठ भरलं आणि तिथून अर्थिंगची वायर आणली. मीटरपासून स्वयंपाकघराला वेगळी लाईन: २.५ स्क्वेअर एमएम तांब्याची वायर, १६ अँपिअरचा एमसीबी, आणि ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी. अंगातून करंट जमिनीत जायला लागला की हा क्षणात लाईन तोडतो. भिंत फोडली नाही, वरून पट्टी मारली. दिसायला फार देखणी नाही, पण भिंत शाबूत आहे.

बोर्ड कुठं लावायचा यावर मी पेन्सिलनं खूण केली होती. आईनं बघितली आणि म्हणाली, "तुझ्या उंचीला लावून मी काय करू? आणि तिथं नळाचं पाणी उडतंय." खूण पुसली, तिनं हात ठेवला तिथं लावली. घर बांधताना हा प्रश्न तिला कुणी विचारलाच नव्हता. मीसुद्धा पेन्सिल तिच्या हातात दिली नव्हती.

एकूण काम दीड दिवसाचं. एवढ्यासाठी ती वीस-बावीस वर्षं ताट घेऊन बैठकीत येत होती.

तर मंडळी, आजचा गृहपाठ. घरी गेलात की प्लग मोजा. कुठल्या खोलीत किती, आणि प्रत्येक प्लग कुणी मागितला म्हणून लागला ते विचारा. उंबऱ्यावरून जाणारी वायर दिसली तर हात लावून बघा, गरम आहे का. वायरिंगला स्वतः हात घालू नका, परवाना असलेल्या वायरमनला बोलवा, आणि त्याला तिसऱ्या भोकामागं वायर आहे का ते आधी दाखवायला सांगा.

आणि तुमच्या घरातल्या मिक्सरचा पत्ता मला व्हॉइस नोटवर नक्की कळवा. आमचा आता बदललाय. बैठकीत टीव्हीच्या टेबलाखाली सध्या वडिलांच्या चपला असतात, त्यावरून नवं भांडण सुरू आहे.

भेटू पुढच्या भागात.