ओळंबा आणि भिंत



जुने घर दुरुस्तीला काढले, म्हणजे मालक गवंड्याला पहिले वाक्य ऐकवतो, "या भिंती तेवढ्या सरळ करून द्या." वाक्य लहान आहे, पण त्याच्यामागे तीन हजारांहून अधिक वर्षांचा इतिहास उभा आहे. त्या इतिहासात राजे थोडे आणि मजूर फार. म्हणून माझ्यासारख्या सातवीत शाळा सुटलेल्या माणसानेही तो सांगावयास हरकत नसावी. माझे वडील गवंडी होते. त्यांच्या हाताखाली मी घमेली वाहिली, आणि पुढे घमेली वाहणाऱ्यांच्याच संघटनेत माझे आयुष्य गेले.

भिंत सरळ आहे की नाही हे सांगणारा पहिला पंच म्हणजे ओळंबा. दोरीला बांधलेले वजन, एवढेच त्याचे स्वरूप. ईजिप्तमध्ये, आजच्या लक्सर शहरासमोर नाईलच्या पश्चिम बाजूस, देर अल-मदिना या ठिकाणी राजांची थडगी खोदणाऱ्या व सजवणाऱ्या कारागिरांची वसाहत होती. तेथील सेन्नेजेम नावाच्या कारागिराची कबर १८८६ साली उघडली. हा मनुष्य इसवी सनापूर्वीच्या तेराव्या शतकातला. त्याच्या कबरीत लाकडी गुण्या, पाणसळीचे काम करणारी त्रिकोणी चौकट आणि भिंतीला टेकवून पाहावयाचा ओळंबा, अशी तीन हत्यारे मिळाली. आजचा गवंडी ती हातात घेऊन लगेच कामाला लागेल.

त्याच वसाहतीत, शंभराहून अधिक वर्षांनी, दुसरी एक गोष्ट घडली. तिसऱ्या रॅमसेसच्या कारकिर्दीच्या २९ व्या वर्षी, म्हणजे इ. स. पूर्व ११५७ च्या सुमारास, धान्याचा शिधा वेळेवर मिळेना, तेव्हा कारागिरांनी काम टाकले आणि ते देवळामागे जाऊन बसले. लेखी पुरावा असलेला जगातला हा सर्वांत जुना संप होय. त्याची हकीकत लिहिलेला पपायरस इटलीत तुरीन येथे जतन केलेला आहे. ओळंबा धरणाऱ्याच्या पोटाचा प्रश्न किती जुना आहे, हे त्यावरून कळते.

पुढे रोमन वास्तुकार विट्रुव्हियस याने आपल्या ग्रंथाच्या सातव्या भागात गिलाव्याचे नियम घालून दिले. पहिल्या खरबरीत थरावर वाळू-चुन्याचे तीन आणि संगमरवराच्या चुऱ्याचे तीन थर द्यावेत. लांबी दोरीने, उंची ओळंब्याने आणि कोपरे गुण्याने तपासावेत, असे तो सांगतो. भिंत एका दमात सरळ होत नाही, हे त्यालाही ठाऊक होते.

आता आपल्या घरी येऊ. पुण्यात शनिवारवाड्याचा पाया १७३० साली घातला गेला, आणि त्या शतकात पेठापेठांतून वाडे उठले. त्यांतील पुष्कळ वाड्यांचा भार सागवानी खांबांवर व तुळयांवर असे. मधली भिंत विटा मातीत बसवून भरलेली, वरून चुन्याचा गिलावा. लाकूड आटले, खांब किंचित खचला, की भिंतही त्याच्याबरोबर कलते. दर दिवाळीच्या सफेतीने कोपरे गोलावतात. त्या भिंतीत कोनाडे होते, खुंट्या होत्या. त्यांना अर्ध्या इंचाचा फरक कधी खटकला नाही. कारखान्यात कापलेले कपाट आणि तंतोतंत चौकोनी फरशी घरात आली, तेव्हा तो फरक दिसू लागला. शंभर वर्षे निमूट उभी असलेली भिंत एका कपाटाने गुन्हेगार ठरवली!

आणि शिक्षा कसली, तर सिमेंटची. पोर्टलंड सिमेंटचे पेटंट इंग्लंडात जोसेफ ॲस्पडिनने १८२४ साली घेतले. आपल्याकडे पोरबंदरच्या कारखान्यात १९१४ पासून सिमेंट निघू लागले. नव्या इमारतीला ते वरदान आहे. पण मातीच्या भिंतीची गोष्ट वेगळी. जोत्यातून ओल वर चढते आणि चुन्याच्या गिलाव्यातून हळूहळू वाळून जाते. वर सिमेंटचा कडक थर बसला की तिची वाट अडते व आतली माती मऊ होते. भिजलेल्या मातीचे काय होते, हे पुणेकरांना सांगावयास नको. १२ जुलै १९६१ रोजी पानशेतचे धरण फुटले, तेव्हा नदीकाठच्या पेठांतील मातीत बांधलेली कित्येक घरे पाण्यात बसली.

शिवाय वजन आहे. दहा फूट लांब व दहा फूट उंच भिंतीवर एक इंच जाडीचा सिमेंटचा गिलावा चढवला, तर सुमारे साडेचारशे किलोंचा बोजा तिच्या अंगावर येतो.

हे मी पुस्तकातून शिकलो नाही. काही वर्षांपूर्वी एका जुन्या घरात भिंतीला दोन इंच पोट आले होते. ठेकेदाराने ते उतरवू दिले नाही. वरखाली सिमेंट भरून भिंत आरशासारखी करून दिली. मालक खूष झाले. तीन पावसाळ्यांनंतर तेथे नळ बसवण्यासाठी आमचा एक सभासद छिन्नी मारू लागला, आणि गिलावा मागच्या विटांसकट त्याच्या पायावर आला. पाय वाचला, पण कामाचा राहिला नाही. हजेरीपटावर त्याचे नाव नव्हते. बांधकाम कामगारांसाठी १९९६ साली कायदा झाला खरा. पण स्वतःच्या राहत्या घराचे दहा लाखांपर्यंतचे काम त्यातून वगळले होते. म्हणजे घरदुरुस्तीत जखमी होणारा मनुष्य नेमका दाराबाहेर राहिला.

हे ठेकेदार दुष्ट होते, असे म्हणून मी सुटणार नाही. दोष दराच्या पद्धतीत आहे. गिलाव्याचा भाव चौरस फुटावर ठरतो. जाडीचा हिशेब कोणी धरत नाही. वाकड्या भिंतीत एके ठिकाणी पाव इंच, तर दुसरीकडे दोन इंच भरावे लागते. पाव इंचाच्या भावात दोन इंच भरणारा गवंडी थर सुकण्याची वाट कशी पाहील? तो एकदाच जाड थापतो आणि पुढच्या कामावर जातो.

माझे वडील काय करीत, ते सांगतो. आधी ओळंबा सोडून भिंत नुसती पाहावयाची. कललेली आहे, की पोट आलेली, की केवळ खड्डेखळगे आहेत? ती कशामुळे वाकली? तुळई कुजली, पन्हळ गळते, की जोते खचले? कारण दूर होईपर्यंत थापीला हात लावावयाचा नाही. मग हाताच्या बोटांनी ठोकून पोकळ आवाज येईल तेथला गिलावा उतरावयाचा, आणि पोट आले असेल तर आधार देऊन तेवढा भाग नव्याने बांधावयाचा. राहिलेले खळगे चुन्यानेच, अर्ध्या इंचाहून जाड नाहीत अशा थरांनी, सुकवत सुकवत भरावयाचे. आणि अखेरीस ते मालकाला विचारीत, "काका, ही भिंत ओळंब्यात हवी, की डोळ्याला नीट दिसली म्हणजे पुरे?" बहुतेक घरांत डोळ्याला नीट दिसणे पुरेसे असते. कपाटामागची फट सुताराच्या एका पट्टीने झाकते.

आपल्यापैकी कोणी घर दुरुस्तीला काढील, तेव्हा माझी दोन मागणी आहेत. भिंतीला चौकशीवाचून शिक्षा देऊ नका. आणि ती सरळ करणाऱ्याला फुटावर न तोलता रोजावर ठेवा, त्याचे नाव वहीत लिहा. भिंतीचा हिशेब ओळंबा करतो, माणसाचा हिशेब आपल्याला करावा लागतो.