सुटींतील संकल्प

उन्हाळ्याची सुटी लागली कीं कॉलेजांतील तरुण गांवीं येतो, चार पुस्तकें चाळतो, दुपारीं झोपतो, आणि सुटी कशी सरली हें त्याचें त्यालाच कळत नाहीं. अशाच एका सुटीचा धागा भंडारा जिल्ह्याच्या इतिहासापर्यंत येऊन पोहोंचतो, असें म्हटल्यास वाचकांस नवल वाटेल. वैनगंगेच्या कांठच्या या गांवीं स्कॉटलंडच्या मिशननें ठाणें घातलें, रुग्णालय चालविलें. पंचविशींतला परका तरुण एडिंबरोची थंडी सोडून भंडाऱ्याच्या वैशाखांत कशासाठीं येतो, या प्रश्नाचें निदान अर्धें उत्तर तरी विद्यार्थ्यांच्या सुटींत सांपडतें; आणि गंमत ही कीं, त्या उत्तराच्या मुळाशीं कोल्हापुरांत जन्मलेला एक मुलगा आहे.

रॉयल वायल्डर हे अमेरिकन मिशनरी १८४६ सालीं अहमदनगरास आले व १८५२ मध्यें कोल्हापुरास गेले. तेथें २ ऑगस्ट १८६३ रोजीं त्यांचा मुलगा रॉबर्ट जन्मला. पुढें वायल्डर कुटुंब स्वदेशीं परतलें व प्रिन्स्टन येथें राहिलें. रॉबर्ट तेथील कॉलेजांत शिकला. पण बाळपणीं पाहिलेलें कोल्हापूर कांहीं त्याच्या मनांतून गेलें नाहीं. संध्याकाळीं सहाध्यायी घरीं जमत, दूरदेशच्या कामाविषयीं बोलत, आणि रॉबर्टची बहीण ग्रेस शेजारच्या खोलींत त्यांच्यासाठीं प्रार्थना करीत बसे.

१८८६ च्या जुलैंत, सुटीच्या दिवसांत, माउंट हर्मन येथें मूडी या धर्मोपदेशकाच्या शाळेंत २५१ विद्यार्थी जमले. निमित्त बायबलच्या अभ्यासाचें होतें; परदेशीं जाण्याचा विषय कार्यक्रमांत मुळीं नव्हताच. नुकताच पदवीधर झालेला रॉबर्ट तेथें होता. त्यानें मोजक्या सोबत्यांना जमविलें, वडीलधाऱ्यांकडून या विषयावर भाषणें करविलीं, आणि एका रात्रीं निरनिराळ्या देशांशीं संबंध असलेल्या तरुणांनीं आपापल्या देशाविषयीं थोडें थोडें बोलावें अशी सभा भरविली. वक्तृत्वापेक्षां या साध्या सभेनेंच काम केलें, असें सांगतात. महिना संपला तेव्हां शंभर जणांनीं परदेशीं सेवेस जाण्याची तयारी दर्शविली होती. त्यांत कॉर्नेलचा एकवीस वर्षांचा जॉन मॉट होता.

प्रौढ वाचक येथें हंसेल, आणि तें अगदींच अयोग्य नाहीं. विशींतल्या मुलानें नदीकांठच्या झाडाखालीं केलेला संकल्प किती दिवस टिकावयाचा? पुढें या चळवळीच्या प्रतिज्ञापत्रावर सह्या करणाऱ्यांपैकीं बहुतेक घरींच राहिले, हें खरेंच. पण वीस हजारांहून अधिक गेले, हेंही तितकेंच खरें. आणि सुटींतल्या उत्साहाचें इतकें पीक दुसरें कोठें आलेलें आमच्या पाहण्यांत नाहीं.

१८९१-९२ मध्यें रॉबर्ट ब्रिटनमधील विद्यापीठांतून हिंडला. १८९२ सालीं तेथेंही विद्यार्थ्यांचा तसाच संघ स्थापन झाला व स्कॉटलंडच्या तरुणांना ही हांक पोहोंचली. त्याच सालीं तो हिंदुस्थानांत आला आणि पुण्याच्या विद्यार्थ्यांतही त्यानें काम केलें. टिळक-आगरकरांचे लेख वाचून वाढलेला तो विद्यार्थी परधर्मोपदेशापुढें सहजासहजीं मान तुकविणारा नव्हता! माउंट हर्मनच्या मुलांना आपल्या जीविताचा अर्थ सांपडला होता. ज्यांच्याकडे ते निघाले त्यांना काय हवें होतें, हें मात्र त्या महिन्यांत त्यांच्याकडून कोणीं ऐकलें होतें?

तें ऐकण्याचा प्रसंग बरोबर पन्नास वर्षांनीं आला, आणि तोही आमच्या विदर्भांत. नोव्हेंबर १९३६ मध्यें एकाहत्तर वर्षांचे डॉ. मॉट वर्ध्याजवळ शेगांवीं महात्मा गांधींच्या भेटीस आले. आदल्या वर्षीं येवल्यास डॉ. आंबेडकरांनीं हिंदुधर्म सोडण्याचा मनोदय जाहीर केला होता, आणि अस्पृश्य समाजाला आपल्याकडे ओढण्याची निरनिराळ्या धर्मप्रसारकांत चढाओढ लागली होती. गांधीजींनीं आपली व्यथा लपविली नाहीं. सेवा करावयाची असेल तर धर्मांतराचा हेतु मनांत न ठेवतां करा, असें त्यांचें म्हणणें. मॉट यांस प्रचार हा सेवेपासून निराळा काढतां येत नव्हता. दोघे स्नेहानें भेटले, स्नेहानें निरोप घेतला, आणि मतें होतीं तींच राहिलीं. आमच्या मतें गांधीजींचा प्रश्न रास्त होता. मात्र आपल्या समाजानें ज्यांस विहिरीवरून हांकलून दिलें, त्यांस कोणाकडे जावें हें शिकविण्याचा आपला अधिकार किती, हाही प्रश्न तितकाच रास्त आहे.

वाद तेथेंच मिटला नाहीं. भंडारा जिल्हा १९५६ पर्यंत मध्यप्रदेशांत होता. त्या सरकारनें १९५४ सालीं न्यायमूर्ति भवानीशंकर नियोगी यांच्या अध्यक्षतेखालीं मिशनऱ्यांच्या कार्याची चौकशी करणारी समिति नेमली. तिचा अहवाल १९५६ सालीं आला, आणि ज्यांचा मुख्य हेतु धर्मांतर हाच आहे अशा परदेशी मिशनऱ्यांनीं परत जावें, असें त्यानें सुचविलें. ख्रिस्ती समाजांतून त्यावर कडाडून टीका झाली.

रॉबर्ट वायल्डर प्रकृति ढासळल्यामुळें १९०२ सालीं परत गेला व १९३८ मध्यें नॉर्वेंत वारला. ग्रेसची कथा निराळी. माउंट हर्मनच्या मेळाव्यास फक्त पुरुष विद्यार्थी होते. त्यामुळें ती तेथें नव्हतीच. जातांना भावाला मात्र तिनेंच सांगितलें होतें कीं, तेथून शंभर जण निघतील. १८८७ मध्यें वडील वारले. त्यानंतर ती आईला घेऊन कोल्हापुरास परत आली आणि पुढचें आयुष्य तिनें याच भागांत, मराठी बायाबापड्यांत काढलें.